पणजोबांचा रकाना

कुलेतिहास-संशोधन, म्हणजे स्वतःच्या घराण्याच्या मागच्या पिढ्या नावानिशी, गावानिशी आणि जमल्यास तारखेनिशी लिहून काढण्याचा उद्योग, हा जगात प्रामुख्याने दोन प्रकारच्या लोकांना मनापासून आवडतो : आपले पूर्वज राजे होते असा ज्यांचा समज असतो त्यांना, आणि ज्यांच्या धर्माने तो कर्तव्य म्हणून नेमून दिलेला असतो त्यांना. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील यूटा राज्यातला लॅटर-डे सेंट्स हा पंथ, ज्याच्या अनुयायांना लोक सर्रास मॉर्मन म्हणतात. मेलेल्या पूर्वजाच्या वतीनेही बाप्तिस्मा घेता येतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. आणि ज्याच्या वतीने तो घ्यायचा त्याचे निदान नाव तरी ठाऊक असले पाहिजे हे ओघानेच आल्यामुळे या मंडळींनी १८९४ मध्ये वंशावळींसाठी एक संस्था काढली, १९३८ पासून देशोदेशीच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म, म्हणजे अतिसूक्ष्म छायाचित्रांच्या फिती, उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि त्या फिती सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या भुयारांत कुलूपबंद करून ठेवल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यादेखील या कॅमेऱ्यातून सुटल्या नाहीत, त्यामुळे पंड्याला दक्षिणा देताना घासाघीस केलेल्या पुष्कळ सनातनी गृहस्थांची नावे आज ख्रिस्ती डोंगराच्या पोटात, योग्य त्या तापमानात, सुखरूप आहेत.

या उद्योगाला नव्याने हात घालणाऱ्यासाठी जी रीत सर्वत्र सांगितली जाते ती वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. चार पिढ्यांचा एक छापील तक्ता घ्यावा, त्यात खालच्या चौकोनात स्वतःचे नाव लिहावे, वरच्या दोन चौकोनांत आईवडिलांचे, त्यावरच्या चारांत दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे आणि सर्वांत वरच्या आठांत पणजी-पणजोबांचे. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, अडले तर चर्चची नोंदवही पाहावी, आणि तरीही अडले तर सरकारी कचेरी गाठावी. एकंदर पंधरा चौकोन. ही पंधरा नावे सांगता न येणारा मनुष्य निदान पुण्यात तरी सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो तसे कबूल करणार नाही.

या तक्त्याची खरी परीक्षा मात्र पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत होते. सह्याद्रीच्या पश्चिम उताराला बिलगलेल्या या डोंगराळ मुलखात दहातले नऊ जण आदिवासी असून त्यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या जमाती प्रमुख आहेत. वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. पाडा म्हणजे महसुली गावापासून सुटी पडलेली थोड्या घरांची वस्ती, जिचे नाव मतदानाच्या वर्षी सर्वांना आणि एरवी फक्त तिथल्या कुत्र्यांना ठाऊक असते. या लोकसंख्येत ख्रिस्ती मंडळी थोडीच आहेत. कॅथलिक असतील ते वसई धर्मप्रांतात मोडतात. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश, आणि हा प्रांत १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढला गेला तेव्हा थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. बाकीचे निरनिराळ्या प्रॉटेस्टंट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे सभासद असतात. मंडळी या शब्दाचा येथे अर्थ उपासनेसाठी जमणारा भाविकांचा समुदाय असा घ्यायचा, आणि तो जमतो तो बहुधा कुणाच्या तरी ओटीवर. हे सगळे लोक पहिल्या, दुसऱ्या, फार तर तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती असल्यामुळे चर्चच्या वहीत आपले कूळ शोधू गेलेल्या माणसाला तिथे बहुतेक वेळा जो सर्वांत जुना पूर्वज भेटतो तो म्हणजे तो स्वतः.

याच धर्मप्रांतात खाली समुद्राकाठी वसईच्या ख्रिस्ती माणसाची अडचण नेमकी उलटी आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत घेतली. या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरच्या गावागावांत चर्च उभी राहिली, आणि चर्च म्हटले की वह्या आल्या; कारण ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मगुरूला विवाहांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम दिला, बाप्तिस्म्याच्या वहीचा आग्रह धरला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदीचीही शिस्त घालून दिली. जन्मल्यावर पाणी, वयात आल्यावर लग्न आणि शेवटी माती, या तीनही प्रसंगी शाई वाळवत बसलेला एक पाद्री हजर असणे, ही कुलेतिहासाच्या दृष्टीने केवढी चैन आहे, हे वसईकरांना कळत नाही. त्यांचे दुखणे वेगळे आहे. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना आडनावे मिळाली ती बहुधा त्यांच्या पोर्तुगीज धर्मपित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी उमेदवाराची हमी घेणाऱ्या गृहस्थांची. आणि धर्मपिते मोजकेच असल्यामुळे साऱ्या तालुक्याची वाटणी डिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, आल्मेडा, घोन्साल्विस अशा थोड्या नावांत झाली. संतांची नावेही काही अमर्याद नाहीत. त्यामुळे नंदाखाल किंवा सांडोर इथल्या संशोधकाला पणजोबा सापडत नाहीत असे होत नाही, तर एकाच पिढीत एकाच नावाचे सहा पणजोबा सापडतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवण्यासाठी घराण्याचे टोपणनाव, विहिरीची जागा आणि भाऊबंदकीचा जुना दावा यांवर विसंबावे लागते. वसईने जगाला दिलेला संत गोन्सालो गार्सिया, ज्याचे वडील पोर्तुगीज आणि आई इथली होती, जो १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला, तो फ्रान्सिस्कन संघाचा संन्यस्त बंधू होता, आणि त्यामुळे त्याच्या वंशजांचा प्रश्नच उद्भवत नाही, ही तालुक्यातल्या शांततेच्या दृष्टीने फार मोठी सोय समजली पाहिजे.

मोखाड्याच्या वहीत असली गर्दी नाही. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत उमेदवाराचे नाव, संस्काराची तारीख, आईवडिलांची नावे, धर्मपिता व धर्ममाता आणि विधी करणारा धर्मगुरू एवढे असते, आणि पुढे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची पुष्टी करणारा संस्कार, किंवा विवाह झाला की त्याचा शेरा समासात पडतो. वही पुढच्या आयुष्याचा हिशेब चोख ठेवते. मागच्याबद्दल तिला फारसे कुतूहल नसते. प्रौढपणी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसासमोर ‘वडील : लक्ष्या, आई : मंगळी’ असे लिहिले की वहीचे समाधान होते. लक्ष्याचा बाप कोण हे वही विचारत नाही, कारण लक्ष्याला कधी कुणी पाणी लावलेले नसते आणि पाणी न लागलेल्या माणसाच्या बापाशी वहीचा काही व्यवहार नसतो. पंधरापैकी तीन चौकोन भरले. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तर पूर्ण निमज्जनाने, म्हणजे माणसाला वाहत्या पाण्यात आख्खा बुडवून, बाप्तिस्मा देण्याची पद्धत आहे, आणि वाघ नदीच्या डोहात झालेल्या विधीची नदीकडून पोचपावती घेण्याची पद्धत अजून पडलेली नाही. पास्टरांनी एखाद्या डायरीत तो दिवस टिपलाच असेल, तर ती डायरी बदली होऊन गेलेल्या पास्टरांबरोबर गेलेली असते.

नावांचा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. वारली आणि शेजारच्या जमातींत जन्माच्या वारावरून नाव ठेवण्याची जुनी चाल असल्यामुळे सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या आणि त्यांच्या बहिणी सोमी, मंगळी, बुधी यांनी पाडेच्या पाडे भरलेले आहेत. आठवड्याला वार सातच असल्याने आणि आजाचे नाव नातवाला ठेवण्याची हौस सर्वत्र सारखीच असल्याने, वसईत संतांनी जी कोंडी केली तीच येथे पंचांगाने केली आहे. त्यात पुढे सुधारणा होत गेली. घरचा मंगळ्या शाळेत गेल्यावर गुरुजींनी त्याला मंगेश केले, बाप्तिस्म्याला तो मायकल झाला, आणि आधार कार्डाच्या शिबिरात यंत्रासमोर बसलेल्या मुलाने घाईत ‘मंगल’ असे टंकून त्याचे लिंगही संदिग्ध करून ठेवले. चारही नावे ओळीने मांडली तर एकाच खोपटात, एकाच चुलीवर जेवणारे, एकाच बाईचे चार कुटुंबप्रमुख राहतात असा निष्कर्ष निघतो, आणि शिधापत्रिकेवर मात्र तो चौघांचा मिळून एकच कोटा उचलतो.

तारखांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या संशोधकाला एक जागतिक विक्रम आयता मिळालेला आहे. शाळेत मूल दाखल करताना जन्मतारीख ठाऊक नसेल तर गुरुजींनी मुलाची उंची, दात आणि उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरता येतो की नाही हे पाहून वर्ष ठरवायचे आणि दिवस म्हणून १ जून टाकायचा, हा शिरस्ता इतका सार्वत्रिक होता की राज्यातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस पावसाळ्याच्या तोंडावर एकाच दिवशी येतो. आश्रमशाळांचा, म्हणजे आदिवासी मुलांना शाळेतच ठेवून घेऊन शिकवणाऱ्या निवासी शाळांचा, मोठा आधार असलेल्या जव्हार-मोखाड्यात तर या तारखेला अपवाद सापडला तरच त्याची चौकशी करावी. वीस भावंडे-चुलतभावंडे १ जूनचीच निघाली तर संख्याशास्त्रावर विश्वास असलेला एखादा परदेशी अभ्यासक त्यातून आदिवासींच्या ऋतुचक्राविषयी प्रबंध लिहील. प्रत्यक्षात त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की गुरुजींना शाळा सुरू होण्यापूर्वी रजिस्टर पुरे करायचे होते.

तारखेऐवजी म्हातारी माणसे प्रसंग सांगतात, आणि ते तारखेपेक्षा कितीतरी अधिक भरवशाचे असतात. फक्त प्रसंगाचे साल संशोधकाला ठाऊक असावे लागते. ‘लाल बावटा आला तेव्हा मी रांगत होते’ असे आजी म्हणाली तर ती १९४५ ते ४७ मधल्या वारल्यांच्या उठावाविषयी बोलत असते, ज्याचे नेतृत्व किसान सभेच्या गोदावरी परुळेकर यांनी केले आणि ज्याची कहाणी पुढे त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ‘राजा गेला’ म्हणजे राजा वारला असे समजू नये. जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १९४८ साल. ‘मुंबईला पाणी नेलं’ या खुणेबाबत मात्र सावध राहावे, कारण वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये झाला, त्यानंतर अप्पर वैतरणा आली, त्यानंतर मध्य वैतरणा, आणि मुंबई अजून तहानलेलीच असल्यामुळे ही खूण पुढच्या पिढीलाही उपयोगी पडण्याचा संभव आहे. आजीचे वय सत्तर की नव्वद हे अशा वेळी तिच्या हातावरच्या गोंदणावरून नव्हे, तर धरणाच्या क्रमांकावरून ठरते.

चर्चची वही अडली म्हणून संशोधक सरकारदरबारी जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो तो हद्दीचा. जव्हार हे संस्थान होते, तर शेजारचा मोखाडा इंग्रजी अमलातल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे तालुक्याचा उपविभाग होता. त्यामुळे ओढ्याच्या अलीकडचा आजा संस्थानच्या दप्तरात आणि पलीकडचा त्याचा सख्खा भाऊ कलेक्टरच्या दप्तरात असणे शक्य होते. पुढे दोन्ही ठाणे जिल्ह्यात एकत्र आले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर दोघेही पालघरला गेले. मेलेल्या माणसांची एवढी बदली सरकारी नोकरांचीही होत नाही.

दप्तरात आधी पाहायचे ते कोतवाल बुक. कोतवाल हा तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार, आणि गावातले जन्म व मृत्यू टिपून ठेवणे हे त्याच्या पुष्कळ कामांपैकी एक, त्यामुळे या वहीला त्याचे नाव पडले. जन्म झाल्याबरोबर नोंद करावी असा नियम असल्यामुळे आणि पाचवीच्या पूजेआधी नाव ठेवण्याची घाई कुणीच करत नसल्यामुळे, या वहीत बापाचे नाव, जात आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. लक्ष्याला त्या सालात मुलगा झाला हे निर्विवाद ठरते. तो मुलगा कोणता हे लक्ष्यालाच विचारावे लागते, आणि तो नेमका पुढच्या पानावर मृत्यूच्या रकान्यात असतो. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत, म्हणजे कोण मूल केव्हा आले आणि केव्हा गेले याच्या वहीत, नाव तरी पुरे मिळते. तिथे जातीच्या रकान्यात ‘हिंदू वारली’ किंवा ‘हिंदू ठाकूर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते, आणि ते लिहिताना गुरुजींनी पालकाला काही विचारले होते असे मानायला आधार नाही. त्याच घरातल्या पणजोबांना इंग्रजी खानेसुमारीने ‘अ‍ॅनिमिस्ट’, म्हणजे झाडाझुडपांत आणि दगडधोंड्यांत जीव मानणारे, या रकान्यात ढकललेले असण्याचा संभव असतो, आणि पणतू चर्चच्या वहीत ख्रिस्ती म्हणून लागलेला असतो. तीन वह्या, तीन धर्म, आणि कुटुंब मात्र शंभर वर्षे त्याच पाड्यावर त्याच खाचरात नागली पेरत राहिलेले.

याच मुलखात एका घराण्याचा वंशवृक्ष अगदी ठाकठीक आहे, आणि ते घराणे म्हणजे अर्थातच राजाचे. इगतपुरीजवळच्या मुकणे गावाहून आलेल्या जयबा मुकणे या महादेव कोळी पुरुषाने येथे राज्य उभे केले, आणि त्याच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये मान्यता दिली असे परंपरा सांगते. तेव्हापासून विलीनीकरणापर्यंतचे राजे ओळीने मोजता येतात. राज्य मिळाले कसे याची दंतकथा गॅझेटियरमध्येही आली आहे. मूळ पुरुषाने इथल्या वारली नाईकाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, नाईकाने ती आनंदाने दिली, आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मुलूखच्या मुलूख वेढण्यात आला. हीच युक्ती कार्थेजची राणी डायडो हिच्या नावावर भूमध्य समुद्राकाठीही सांगतात, त्यामुळे माणसांचे नसले तरी दंतकथांचे चुलतसंबंध जव्हारपासून आफ्रिकेपर्यंत निर्विवाद सिद्ध होतात. तक्ता भरू पाहणाऱ्या वारली ख्रिस्ती माणसाने मात्र या कथेत एक गोष्ट पाहून ठेवावी. ज्याने कातडे कापले त्याची वंशावळ सहाशे वर्षांची आहे, आणि ज्याची जमीन गेली त्याच्या बापाचे नाव विचारण्याची गरज कथाकारालाही वाटलेली नाही.

वंशावळीची गरज सामान्य माणसाला पडते ती मुलगा बारावीला गेल्यावर. अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करणाऱ्या समितीसमोर अर्जदाराला वडील, आजोबा, पणजोबा यांचे शपथपत्रावरचे कुलवृत्त आणि ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा एखादा पुरावा द्यावा लागतो, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींविषयीचा आदेश त्या दिवशी निघाला. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे तशी या आदेशात नसल्यामुळे ख्रिस्ती वारलीही वारलीच राहतो. पण ते त्याला दाखवून द्यावे लागते. त्यासाठी आप्तभाव चाचणी नावाचा प्रकार आहे, ज्यात समितीचे दक्षता पथक अर्जदाराला जमातीच्या चालीरीती, देवदेवता, नाच, लग्नविधी आणि बोली यांविषयी प्रश्न विचारते. समित्यांची ही सारी कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात, म्हणजे महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यातच, घालून दिली, आणि २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे असेही बजावले. तोवर पुष्कळांनी अभ्यास केलेला होताच. हिरवा देव कोणत्या कोपऱ्यात बसवतात, कणसरी म्हणजे कोण, वाघदेवाला काय देतात, हे रविवारच्या उपासनेला नियमित जाणाऱ्या एखाद्या तरुणाला शनिवारी रात्री पाठ करावे लागते. चर्चमध्ये त्याने जे सोडल्याचे सांगितलेले असते तेच कचेरीत त्याला येत असावे लागते, आणि दोन्हीकडे त्याचा प्रामाणिकपणाच तपासला जात असतो.

ही उत्तरे त्याला मिळतात ती भगताकडे. भगत म्हणजे पाड्यावरचा देवऋषी, जो अंगात आणतो, औषध देतो आणि कुणाच्या घरचा कोणता पूर्वज कशासाठी रुसला आहे हे सांगतो. हे शेवटचे काम करायचे तर साऱ्या पाड्याचे पूर्वज नावानिशी ठाऊक असावे लागतात, त्यामुळे पंधराच्या पंधरा चौकोन भरून देण्याची क्षमता ज्या एकाच माणसात असते तोच नेमका मंडळीने ज्याच्या दारी जाऊ नये म्हणून सांगितलेला असतो. त्यावर व्यवहाराने वाट काढलेली दिसते. तरुण अंधार पडल्यावर जातो, आजारासाठी आलेलो नाही हे आधी स्पष्ट करतो, आणि भगत त्याच्या पणजोबांची नावे सांगून झाल्यावर पणजोबांना कोंबडा पोहोचलेला नाही याचीही आठवण देतो. बोहाड्याच्या, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवाच्या आठवणीही अशाच उपयोगी पडतात, कारण कोणत्या घराकडे कोणत्या सोंगाचा मान होता हे लोक जमिनीच्या सातबाऱ्यापेक्षा पक्के लक्षात ठेवतात. आपले खापरपणजोबा रावण होते हे कळल्यावर मंडळीच्या एखाद्या उत्साही सेवकाला क्षणभर विचारात पडावे लागते एवढेच. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत सरकारने ज्येष्ठांचे लेखी उतरवलेले कथन आणि वंशावळ हे दोन्ही पुरावे म्हणून मान्य केले आहेत. म्हाताऱ्या माणसाची आठवण ग्राह्य धरावी हे ज्ञान सरकारला झाले. कुलेतिहासाच्या मार्गदर्शकांनी ते पहिल्याच पानावर लिहिले होते, पण म्हाताऱ्या माणसांना कामाशिवाय काही का आठवेल, हे त्यांनी लिहिलेले नाही.

आजीला ओटीवर गाठून वही उघडली आणि ‘आजी, तुझ्या सासऱ्याच्या बापाचं नाव काय?’ असे विचारले, तर ती वहीकडे पाहते, विचारणाऱ्याच्या बुटांकडे पाहते, आणि ‘नाय ठाव’ म्हणते. कागद घेऊन आलेल्या माणसाने आजवर जमीन मोजली आहे, झाडे मोजली आहेत, मुले मोजून त्यांना सुया टोचल्या आहेत. त्याला मेलेली माणसे मोजू देण्यात काही हशील नाही हे तिचे अनुमान अनुभवसिद्ध आहे. त्यातून ती काही सांगू लागलीच, तर तक्त्याची पंचाईत होते. वारल्यांत लग्नाचा खर्च जमेपर्यंत जोडप्याने आधी संसार थाटावा आणि ऐपत आल्यावर रीतसर लग्न लावावे, ही गोष्ट अप्रतिष्ठेची मानत नाहीत, आणि क्वचित बापाचे आणि मुलाचे लग्न एकाच मांडवात उरकल्याचेही ऐकू येते. तक्ता मात्र लग्नाची तारीख पहिल्या अपत्याच्या आधी यावी असे धरून छापलेला असतो. घरजावई, म्हणजे सासऱ्याच्या शेतावर काही वर्षे राबून पुढे तिथेच राहणारा जावई, याच्यासाठीही त्यात चौकोन नाही, आणि त्याच्या मुलांनी कुणाचे आडनाव लावले हे गुरुजींच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहिलेले असते.

आणि तरीही वंशावळ एका प्रसंगी पुरी होते, तीही अवघ्या दोन दिवसांत. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार रक्ताच्या नात्यात चौथ्या अंशापर्यंत विवाह वर्ज्य आहे. अंश मोजायचे ते एका बाजूने समान पूर्वजापर्यंत चढून दुसऱ्या बाजूने उतरताना लागणाऱ्या पायऱ्यांनी. या हिशेबाने सख्खी आते-मामे भावंडे बरोबर चौथ्या अंशावर येतात, आणि महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल तर जमाती-जातींच्या पलीकडे पोहोचलेली आहे. अशा लग्नाला बिशपकडून सूट मिळू शकते, मात्र अर्जासोबत नाते दाखवणारा तक्ता जोडावा लागतो. हे कळल्याबरोबर ज्या वडीलधाऱ्यांनी पावसाळ्यात ‘नाय ठाव’ म्हटलेले असते त्यांना सहा-सहा पिढ्या आठवू लागतात. लग्न व्हावे असे ज्यांना वाटते त्यांच्या मते मुलीची आई ही मुलाच्या बापाची सख्खी बहीण नव्हतीच, मानलेली होती. लग्न मोडावे असे ज्यांना वाटते ते दोघांना एका आईचे दूध पाजतात. आणि जमिनीचा जुना वाद असलेले चुलते दोन्ही पक्षांना पुरवता येईल एवढी माहिती घेऊन ओटीवर बसतात. फादर पेन्सिलने चौकोन काढतात, खोडतात, पुन्हा काढतात. शेवटी कुणीतरी धवलेरीचे नाव सुचवते. धवलेरी म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून विधी लावणारी बाई. देवचौकाच्या, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढलेल्या पालघट देवीच्या चौकटीच्या, समोर बसून पाड्यावरची तीन पिढ्यांची लग्ने तिने आणि तिच्या सासूने लावलेली असतात, त्यामुळे कुणाची मुलगी कुणाच्या घरी गेली हे तिला विचारून झाले की चुलत्यांना बोलायला काही उरत नाही. चर्चमधल्या लग्नाला तिचे काही काम नसते, पण चुलीपाशी ती असते, कारण भाकऱ्यांना माणसे लागतात. फादर पेन्सिल घेऊन तिथे जातात. ती पीठ लागलेल्या हाताने पाट सरकवते, दोन्ही घरांच्या पणज्या एका दमात सांगते, सख्खी कोण आणि मानलेली कोण याचा निकाल लावते, आणि नावे कागदावर उतरत असतानाच, सरळ कुतूहलाने, फादरांचे स्वतःचे कूळ कोणते ते विचारते. फादर वसईचे असले तर उत्तराला जरा वेळ लागतो.